शेवटच्या विमानाची केळी

“तिकीट?” मी मान वर न करता विचारलं.

“माझं कशाला? ही केळी तेवढी गोव्याला चाललीत.”

मी वर पाहिलं. प्रवाशांच्या रांगेत, केळ्यांचं क्रेट छातीशी धरून, एक उंच, उन्हानं रापलेला तरुण उभा होता. मागची गॉगलवाली रांग हसत होती, आणि तो... तोही हसत होता. मला राग यायला हवा होता. आला नाही.

‘सैर एअर’ म्हणजे एका मोठ्या विमान कंपनीची धाकटी लेक, खास सहलीला जाणाऱ्यांसाठी काढलेली. नांदेडहून थेट गोवा, आणि प्रत्येक प्रवाशाला नाश्त्यात अर्धापूरचं केळं. ते पुरवायचा हा हरिओम. काउंटरवर मी, लातूरची अक्षरा. आप्पांची तिकडे डाळमिल आहे. त्यांनी अट घातली होती, “नोकरी हाय तवर नांदेडात ऱ्हा. संपली की घरी यायचं, अन् मी बघितलेल्या स्थळाला न्हाई म्हणायचं न्हाई.” मी खुशाल हो म्हटलं. कंपनी कुठे इतक्यात बंद पडतेय!

आणि खरंच, विमानं भरभरून गेली. औशाचे आडते नव्या कोऱ्या हाफ चड्ड्या घालून यायचे, नवी जोडपी लाजत खिडकी मागायची. हरिओम माझ्यासाठी एक केळं बाजूला काढून ठेवायचा.

“ह्याला तर ठिपके पडलेत!”

“ठिपकेवालंच लई गोड असतंय, मॅडम. आधी खा... मग भांडा.”

खाल्लं. भांडायला काही उरलंच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुसरं कारण शोधलं. बोलता बोलता आप्पांची अटही त्याला सांगून बसले. त्या दिवशी तो जरा लवकरच गेला.

मग थोरल्या कंपनीनं ठरवलं, एका घरात दोन नावं नकोत. धाकटीचं नाव पुसायचं, विमानांना नवा रंग द्यायचा, गोव्याची फेरी बंद, आणि आमचं काउंटरही. निरोप वाचला तेव्हा मला आधी पगार आठवला नाही. ते क्रेट आठवलं, आणि ते छातीशी धरणारा. हा माणूस मला हवा होता.

रडणं मला जमत नाही, ठरवणं जमतं. स्टेशनजवळ एक छोटा गाळा भाड्यानं घेतला. विमान बंद होत होतं, माणसांची फिरायची हौस नाही. सहली आता मी नेणार होते. मग आप्पांना फोन लावला.

“आप्पा, नोकरी संपतेय. धंदा काढलाय.”

व्यापारी माणूस धंद्याला नावं कशी ठेवणार? “अन् स्थळ?” त्यांनी विचारलं.

“मीच बघितलंय. अर्धापूरचं, केळीवाले. आपल्यातले नाहीत.”

मिलच्या घरघरीवर आप्पांनी आवाज चढवला.

“रविवारी घेऊन ये. हो म्हटलेलं न्हाई मी... नुसतं बघतो.”

“बघा. पण मी ठरवलंय, आप्पा.”

घोडं अडलं होतं एवढ्यावरच, की नवरदेवाला अजून काही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या विमानाच्या दिवशी तो आला. पुन्हा क्रेट घेऊन, पुन्हा प्रवाशांच्याच रांगेत.

“ऑर्डर तर रद्द झालीय, हरिओम.”

“हाव, माहीत हाय. आजची माझ्याकडून.” तो क्रेटकडे बघत बोलत होता. “आता तुम्ही लातूरला जाणार... स्थळ बघणार. मांडवाच्या दाराला केळीचे खुंट लागतील ना? आमच्या शेतातले न्या. चांगले उंच, हिरवेगार. मी सोता येऊन बांधून देतो...”

त्यानं क्रेट काउंटरच्या कडेवर टेकवलं. माझं मात्र ठरलं होतं.

“तुम्ही नाही बांधायचे.”

“कामून?”

“नवरदेव कुठे स्वतःच्या मांडवाला खुंट बांधतो? दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.”

क्रेट कलंडलं. केळी काउंटरवर पसरली. रांग माना उंचावून बघू लागली.

“म्हणजे... मी?”

“रविवारी लातूरला यायचं. आप्पा नुसते बघणार आहेत. हो मी म्हणून बसलेय. तुमचं काय?”

तो कानापर्यंत लाल झाला, आणि मग पहिल्या दिवशीसारखा हसला.

“मी तर पहिल्याच दिवशी हो म्हटलो असतो, अक्षरा... तुम्हीच तिकीट मागत बसलात.”