संबंध असल्यास कोणता

"हॅलो, मी पडताळणी विभागातून बोलतेय. दोन मिनिटं मिळतील का?"

"मिळतील की. पण मी आत्ता सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर उभा आहे. खाली येऊन बोलू, की इथूनच खरं सांगू?"

ती खुदकन हसली. कामाच्या फोनवर हसायचं नाही, असा कचेरीतल्या मोठ्या बाईंचा दंडक होता. पण मोठ्या बाई तेव्हा जेवायला गेल्या होत्या.

तिचं कामच तसं रुक्ष. कंपन्या माणूस नोकरीवर घेण्याआधी त्याची फाइल तिच्या कचेरीकडे पाठवत, आणि मग हिनं त्याची पाळंमुळं खणून काढायची. पत्ता खरा आहे का, कर्जाचे हप्ते वेळेवर गेले का, जुना साहेब काय म्हणतो... आजचा जुना साहेब म्हणजे हा टपावरचा लिफ्टवाला. त्याचा एक मेकॅनिक दुसरीकडे निघाला होता.

"माणूस कसा आहे?"

"कामाला वाघ. सकाळी उठायला मात्र... नको, ते लिहू नका."

"लिहिलं."

"मग पुढं हेही लिहा, की उशिरा आला तरी काम अर्धवट टाकून कधी गेला नाही."

तिनं तेही लिहिलं. महिन्याभरात त्याच्याकडचे आणखी दोघं निघाले, म्हणजे आणखी दोन फोन झाले. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "तुम्ही माझं दुकान रिकामं करायला निघाला आहात. निदान चहा तरी पाजा!"

चहा झाला. मग दर बुधवारी होऊ लागला, कचेरीमागच्या बाकावर. तो येताना धुतलेला शर्ट घालून यायचा, पण घाईत एक बटण हमखास चुकलेलं असायचं. ती नुसती त्या बटणाकडे बघायची — आणि तो पाठ फिरवून ते नीट लावायचा. एवढ्यानंच तिचा सबंध गुरुवार बरा जायचा.

मोठ्या इस्पितळातल्या बारा लिफ्ट सांभाळायची नोकरी मिळावी, यासाठी तो जिवाचं रान करत होता. दोन महिने त्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. पण ती तपासणी आपल्याच कचेरीकडे येईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. एका सोमवारी फाइल टेबलावर आली आणि वर त्याचं नाव.

आणि नेमका त्याच आठवड्यात तो गायब! बुधवारी बाक रिकामा. फोन उचलेना.

फाइलवर एक कागद टाचलेला असतो: तपासणाऱ्याचा उमेदवाराशी काही संबंध आहे का? तिनं लिहिलं, आहे. खाली दुसरी ओळ: असल्यास कोणता? इथं पेन अडलं. मित्र लिहावं? पण मित्राचं बटण चुकलेलं बघून कुणाला असं गलबलून येत नाही. आठवडाभर फाइल तशीच पडून राहिली. शेवटी तिनं लिहिलं, 'अजून ठरायचा आहे', आणि फाइल न उघडताच मोठ्या बाईंपुढे ठेवली.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे उत्तर नव्हे. उमेदवाराच्या अर्जातही आपल्या कचेरीबद्दल हाच प्रश्न असतो, माहीत आहे ना? दोघांचं जुळलं नाही, तर 'माहिती विसंगत' असा शेरा पडेल. मग त्यानं ती नोकरी विसरायची."

"त्यांनी... काय लिहिलंय?"

"मी सांगेन असं वाटतं तुम्हाला? पाच वाजेपर्यंत नीट लिहून आणा."

भुरभुर पाऊस होता. छत्री विसरून ती तशीच निघाली. त्याच्या दुकानात विचारलं, तर तो दोन गल्ल्या पलीकडच्या इमारतीत, उघड्या लिफ्टपुढे गुडघ्यांवर बसला होता. तिला पाहताच त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"वाचलंत ना सगळं?" तो म्हणाला.

"काय वाचलं?"

"वडील आजारी होते, तेव्हा आठ महिने हप्ते थकले. नंतर पै न् पै फेडली, पण नावावरचा लाल शेरा काही जात नाही. दोन नोकऱ्या गेल्या त्यापायी. तुमच्यापुढे कागद येण्याआधी सांगायचं होतं... धीर झाला नाही. मग तोंड दाखवायची लाज वाटली."

"मी फाइल उघडलीच नाही."

"काय?"

"ओळखीच्या माणसाची उघडायची नाही, असा नियम आहे. आणि नियम नसता, तरी उघडली नसती. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

तो हत्यारांच्या पेटीवर मटकन बसला आणि हसायलाच लागला. "आठ दिवस मला घास गोड लागला नाही हो!"

"मग मला काय लागत होता?" ती बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

तिनं खाली पडलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला. मग तिनं हळूच विचारलं, "तुमच्या अर्जात तो एक प्रश्न होता... संबंध कोणता म्हणून..."

त्याचे कान लाल झाले. "लिहिलंय मी. मी असं लिहिलंय की—"

"नको! सांगू नका. ठरवून लिहिलं तर ती तपासणी कसली?"

"पण जुळलं नाही तर?"

"तर तुमची नोकरी जाईल."

"नोकरीचं नाही म्हणत मी," तो म्हणाला.

पाचला दहा मिनिटं असताना ती ओल्या केसांनी टेबलाशी बसली. जे खरं होतं तेच तिनं एका दमात लिहून काढलं आणि कागद मोठ्या बाईंपुढे सरकवला.

बाईंनी आधी फाइलचा निकाल लावला. "हप्ते थकल्याचं यानं अर्जात स्वतःहून लिहिलंय. फेडल्याचं पत्र जोडलंय. माझी काही हरकत नाही." तिच्या छातीवरचा अर्धा दगड उतरला. मग बाईंनी तिचा कागद त्याच्या अर्जाशेजारी ठेवला आणि तपासणीच्या कोरड्या आवाजात वाचलं.

"उमेदवार म्हणतो — 'लग्न करायची इच्छा आहे. तिला अजून विचारलेलं नाही.' तपासणारी म्हणते — 'त्यांनी विचारलं तर मी हो म्हणणार आहे.'"

बाईंनी दोन्ही कागद पुन्हा एकदा पाहिले. "जुळतंय," त्या म्हणाल्या, आणि ठप्पकन शिक्का मारला. शिक्का ठेवताना त्या चक्क हसल्या.

तिला रडू आलं, हसू आलं, पाय हलके झाले. जिन्यात जाऊन तिनं फोन लावला. आज तो पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"मी पडताळणी विभागातून बोलतेय. तुमचं कुणाला तरी काहीतरी विचारायचं राहिलंय म्हणे?"

पलीकडे पाना पुन्हा खाली पडल्याचा आवाज आला. मग हलकेच, "विचारू?"

"लवकर विचार. माझं उत्तर शिक्का मारून फाइलला लागलंसुद्धा!"