मंडणगडच्या गाडीतला गुन्हेगार

मंडणगडच्या पहिल्या एस.टी.त अमरदीप बसलेला दिसला आणि दीक्षाच्या डोक्यात तिडीकच गेली. पत्रकारितेला तो तिच्या एक वर्ष पुढे. आजवर दोघं एका शब्दानं बोलले नव्हते. आणि गाडीत रिकामी जागा नेमकी त्याच्याच शेजारी! बसली. बसणार नाही तर काय, चार तास उभी राहणार?

परवा यानंच विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला होता – मंडणगडजवळच्या शाळेत खिचडीतून विषबाधा, चाळीस मुलं दवाखान्यात, सोबत फोटो. वर याची ओळ, ‘कुणी तपासलंय का?’ कुणीतरी ती ओळ उडवली, ‘पत्रकारांकडून आलंय’ असं जोडलं, आणि संध्याकाळपर्यंत मेसेज गावभर, मुंबईकरांच्या ग्रुपवरसुद्धा. शाळेत कुणाचं साधं पोटही दुखलं नव्हतं. पण खिचडी शिजवणारी चंपा ही दीक्षाची आई. तिला ठेवायचं की काढायचं, ते शाळा समिती आज ठरवणार होती. चंपाच्या हातचं पोरांनी खाऊ नये असं वाटणारे चार जण गावात आधीपासून होतेच. त्यांच्या तर पथ्यावरच पडलं.

“तुम्हीही मंडणगडला?” त्यानं विचारलं. हसला मेला, तेही गोड.

“हो. तुम्ही पेटवलेलं विझवायला.”

तिची आई कोण ते कळल्यावर त्याचा चेहरा उतरला. दोन दिवस खपून त्यानं फोटोचं मूळ शोधलं होतं – परराज्यातला, तीन वर्षांपूर्वीचा. तेच सांगायला निघाला होता. वरातीमागून घोडं, ती म्हणाली. त्यानं मान्य केलं. ‘मी तर फक्त विचारलं होतं’ असं तो म्हणेल म्हणून तिनं उत्तराला धार लावून ठेवली होती. तो म्हणालाच नाही. पाण्याची बाटली तेवढी पुढे केली... तिनं घेतली.

“रागावलात की तुम्ही –”

“पुढचं तपासून बोला.”

“जूनपासून तपासतोय,” तो हळूच म्हणाला. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. कान मात्र तापले.

शाळेत बैठक बसली. समितीतले आप्पा म्हणाले, आगीशिवाय धूर निघतो काय?

“धूर मी केला,” अमरदीप उभा राहिला. “सही करून लिहून देतो.”

दिलं. चंपा कामावर राहिली. पण ग्रुपवर टाकलेला त्याचा खुलासा एकानंही पुढे पाठवला नाही, आणि दुपारी साठातली अकराच पोरं पंगतीला बसली. अमरदीप बारावा बसला. दीक्षानं वाढलं.

“पंगत भरेपर्यंत दर शनिवारी, शाळा सुटायच्या आत, जेवायला यायचं,” ती म्हणाली.

“आणि भरल्यावर?”

“तरी यायचं.”