तळघरातली पिवळी गाडी

शटर कमरेइतकं वर गेलं. मास्तर आणि मास्तरीणबाई वाकून आत शिरले, तोच ते पाठीमागे धाडकन खाली आलं. वकीलबाईंनी कुलूप घातलं, किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली आणि खिशाची चेन ओढली.

"आता चावी मिळेपर्यंत कुणीही बाहेर जायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"आम्ही तर शोधायला आलोय," मास्तर म्हणाले.

"मग लवकर शोधा."

बंद जागेचं मास्तरांना वावडं. उभी हयात भूगोल शिकवला, तोही खिडकीला पाठ लावून. इथे खिडकीच नव्हती. रस्त्याखालचं बोगद्यासारखं गॅरेज, रबराचा आणि पेट्रोलचा वास, डोक्यावर गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइट, आणि फोनला रेंज नाही.

मास्तरीणबाईंनी मात्र माहेरी आल्यासारखी पिशवी खाली ठेवली. त्यांनी आयुष्यात एक दिवसही शिकवलं नव्हतं. नवऱ्याचा पेशा त्यांना आडनावासारखा चिकटला होता. त्यांची नोकरी विमा कंपनीतली, खोटे दावे पकडण्याची. निवृत्तीनंतर त्या लोकांची खासगी प्रकरणं सोडवत आणि मास्तर पिशवी धरत.

"काय झालं ते कुणीतरी एकानेच सांगा," त्या म्हणाल्या.

अर्थातच सगळे एकदम बोलले. त्या गदारोळातून मास्तरांच्या हाती लागलं ते असं.

गॅरेजात एकामागे एक तीन स्पोर्ट्स कार. शटराच्या तोंडाशी दातांच्या डॉक्टरांची पिवळी, तिच्यामागे वकीलबाईंची लाल, तळाशी बेकरीवाल्याची हिरवी. बाजूने जेमतेम माणूस जाईल एवढी वाट. आज त्यांच्या मंडळाचा पहिला ट्रॅक डे. म्हणजे शर्यतीचा ट्रॅक दिवसभर भाड्याने घ्यायचा आणि आपापली गाडी मनसोक्त पळवायची. महिनोन्‌महिने बैठका झाल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे कोण राहणार, यावर मतदान झालं आणि डॉक्टर जिंकले, कारण ट्रॅकचा अनुभव त्यांना एकट्यालाच. याच पिवळीने ते परगावच्या ट्रॅकवर दर वर्षी जात आणि वळणांच्या गोष्टी पुढचं वर्षभर सांगत.

आज सकाळी डॉक्टरांनी पिवळी शटराशी आणून लावली, उतरले आणि चावी मागच्या टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने पाहतात तर चावी गुल. गाडीला कुलूप, ब्रेक आवळलेले, ढकलूनही हलेना. ती हलेना म्हणून मागच्या दोघीही अडकल्या. आणि दुपारी ट्रॅकचं फाटक बंद होणार.

"दुसरी चावी नाही?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"आहे ना," डॉक्टर म्हणाले. "घरी कपाटात. कपाटाची किल्ली बायकोकडे. बायको परगावी. संध्याकाळी येईल."

"आणि चावी ठेवली तेव्हा टेबलापाशी कोण होतं, ते विचारा!" वकीलबाईंनी बोट रोखलं.

टेबलामागे फळ्यापाशी एक उंच तरुण उभा होता. डॉक्टरांचा मेहुणा. स्वतःचं वर्कशॉप बुडाल्यापासून बहिणीकडे राहायला. ट्रॅकचं आरक्षण, रुग्णवाहिका, कुणी कुणाच्या मागे निघायचं, सगळी आखणी त्याची. स्वतःची गाडी तेवढी नव्हती. काल त्याने पिवळीतून दोन फेऱ्या मारू देता का, असं विचारलं आणि डॉक्टरांनी सगळ्यांदेखत नाही म्हटलं.

"मी घेतलेली नाही," तो म्हणाला.

"चोराच्या उलट्या बोंबा," बेकरीवाला पुटपुटला.

"संध्याकाळी ताई आल्या की मी स्वतः सांगणार," वकीलबाई म्हणाल्या. "याचं बोचकं आजच्या आज घराबाहेर गेलं पाहिजे. ज्या ताटात जेवायचं त्यालाच भोक!"

मेहुण्याने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर चष्मा पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"डॉक्टर, जरा गाडी दाखवा बघू," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"बघण्यासारखं काय आहे त्यात? बंद आहे," डॉक्टर म्हणाले, पण त्यांच्या मागोमाग निघाले. मास्तर, मास्तरीणबाई आणि डॉक्टर पिवळीपाशी पोचले, तशी गाडीने पोटाशी मिटलेले दोन्ही आरसे हळूहळू बाहेर काढले. झोपलेल्या कुत्र्याने कान टवकारावेत तसे.

"वा! हिला पाहुण्यांची चाहूल लागली," मास्तर खूश झाले.

"वायरिंगचा जुना रोग आहे. हात लावू नका, सायरन वाजेल," असं म्हणत डॉक्टर लगबगीने टेबलाकडे परतले. आरसे पुन्हा मिटले.

मग मास्तरीणबाईंनी एकेकाला बाजूला घेतलं.

बेकरीवाला गोल, घामाघूम, हाताला ग्रीस. "मी तेव्हा माझ्या गाडीखाली होतो. पाय सगळ्यांना दिसत होते."

"आणि ऐकूही येत होते," वकीलबाई लांबून ओरडल्या. "गात होता तो."

"तुम्हाला पुढची जागा हवी होती म्हणे?"

"हवी होती की! पण म्हणून चावी चोरून मी स्वतःलाच कोंडून घेईन? माझी गाडी सगळ्यात आत! वैर काढायचं तर निदान आपली वाट मोकळी होईल असं तरी काढावं." मग तो जवळ सरकला. "आणि खरं सांगू, ती काय चावी म्हणायची? भोकात घालायला नको, फिरवायला नको. नुसती खिशात असली की पुरे. आमच्या जुन्या गाड्यांना खऱ्या लोखंडी चाव्या आहेत. त्यांच्या असल्या लाडात आम्ही कधी पडलो नाही."

वकीलबाईंनी उत्तरं दिली ती कोर्टात देतात तशी. "चावी गेल्याची ओरड झाली त्याच क्षणी मी शटर ओढलं. त्याआधी कुणी बाहेर गेलं नव्हतं. तुम्हाला फोन केला तोसुद्धा शटर वीतभर उचलून, पालथी पडून, सर्वांच्या देखत."

"झडती?"

"कसून. आम्ही तिघांनी एकमेकांचे खिसे, पिशव्या, हेल्मेटं, बूट, सगळं झाडून पाहिलं. लाल-हिरव्या गाड्यांच्या सीटा उचलल्या. टेबलाखाली सरपटलो."

"मग तरी त्या मुलावरच संशय?"

"त्याच्याकडे कारण आहे. कारण असलेला माणूस मला पुरतो."

मास्तरांनी पत्नीच्या कानाशी तोंड नेलं. "अगं, हिच्या त्या चेनवाल्या खिशात पाहिलं का कुणी? शटराच्या किल्लीशेजारी दुसरी चावी सहज लपेल."

"लपेल," मास्तरीणबाई म्हणाल्या. "श्वास घ्या जरा. निळे पडलात."

मेहुणा त्यांना भिंतीकडेच्या वाटेने घेऊन गेला. तिथे तीन प्लॅस्टिकच्या चादरी अंथरल्या होत्या. ट्रॅकवर जायच्या आधी गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढायची रीत. वेगात पायमोजासुद्धा पॅडलखाली गेला तर जीव जायचा. प्रत्येक चादरीवर एकेका गाडीचं पोट उपसून मांडलं होतं.

"टेबलावर तू चावी पाहिलीस?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही. मी फळ्याकडे तोंड करून होतो. भाऊजी म्हणाले ठेवली, म्हणजे ठेवली असेल."

"हे सगळं घरी ठेवून जाणार?"

"हे एवढं नाही." त्याने एक जाड लोखंडी कडी दाखवली. "हा टोचनचा हूक. गाडीच्या नाकात पिळून बसवायचा. गाडी कडेला चिखलात रुतली तर दोर बांधायला. तो बसवल्याशिवाय कुठल्याच ट्रॅकचं फाटक उघडत नाही. प्रत्येक गाडीचा हूक वेगळा, दुसरीचा चालत नाही."

"डॉक्टरांचा कुठे आहे?"

त्याने जरा थांबून पहिल्या चादरीकडे बोट केलं. मास्तरांनी हूक उचलला. कंपनीच्या पिशवीत होता, पिशवीच्या कडा चिकटवलेल्या, कुठे कात्री लागलेली नाही.

"बघ, याला म्हणतात टापटीप," मास्तर पत्नीला म्हणाले. "नाहीतर आपल्याकडचे स्क्रूड्रायव्हर."

मेहुण्याने त्यांच्या हातून पिशवी घेतली आणि होती तिथे अलगद ठेवली.

तिघे पुढे पिवळीच्या नाकापर्यंत गेले. मास्तरीणबाई तिच्याभोवती फिरल्या, वाकल्या, काचेतून आत डोकावल्या. मेहुणा दाराला टेकून उभा राहिला. गाडी आरसे मिटून मख्ख बसली होती.

"वायरिंग दुरुस्त झालेलं दिसतंय," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाई पहिल्यांदाच हसल्या.

त्यांनी सगळ्यांना टेबलापाशी बोलावलं. हवा आता इतकी कोंदली होती की बेकरीवाल्याने शर्टाची वरची बटणं सोडली होती.

"एक छोटीशी विनंती," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने एकेकट्याने चालत जायचं, पिवळीपाशी उभं राहायचं, परत यायचं. बस."

"हा काय पोरखेळ?" वकीलबाई म्हणाल्या, पण गेल्या. उभ्या राहिल्या. परत आल्या. काही झालं नाही. बेकरीवाला गेला, बॉनेटवर बोटाने टिचकी मारून आला. काही झालं नाही. मेहुणा गेला आणि आला.

"डॉक्टर?"

डॉक्टर खुर्चीतून उठले नाहीत. "माझा गुडघा... सकाळपासून जरा..."

"दहा पावलं आहेत."

"गाडी माझी आहे. माझीच चावी गेली आहे. मला कशाला चालवताय?"

"कारण तुम्ही गेलात की ती कान टवकारते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मघाशी आपण तिघे गेलो तेव्हा आरसे उघडले. तुम्ही वळलात तसे मिटले. नंतर तुमच्याशिवाय गेलो, तर ढिम्म. आता तीन जण जाऊन आले, तरी ढिम्म. वायरिंगचा रोग माणूस बघून होत नाही, डॉक्टर. चावी खिशात असली की पुरे, असं बेकरीवाले म्हणालेच होते. चावी जवळ आली की गाडी जागी होते. लांब गेली की आपणच कुलूप लावून झोपते."

"पण झडती..." वकीलबाईंचा आवाज अडखळला.

"'आम्ही तिघांनी एकमेकांचे खिसे' असं तुम्ही सांगितलंत. इथे तुम्ही चौघे आहात. फिर्यादीचे खिसे कोण तपासतो? काखेत कळसा अन् गावाला वळसा, ही विसरभोळ्यांची गोष्ट झाली. इथे कळसा जाणूनबुजून काखेत होता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

"स्वतःचीच गाडी अडवायची? कशासाठी?" बेकरीवाल्याने विचारलं.

"त्याचं उत्तर त्या चादरीवर आहे. हूक बसवल्याशिवाय कुठलाच ट्रॅक आत घेत नाही. दर वर्षी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचा हूक कंपनीने दिला तसाच, सीलबंद. मास्तरांना त्यात टापटीप दिसली. मला दिसलं की ही गाडी एकदाही ट्रॅकवर गेलेली नाही."

ट्यूबलाइट गुणगुणत राहिली.

"पहिल्या वर्षी फाटकापर्यंत गेलो होतो," डॉक्टर शेवटी म्हणाले. "आतून आवाज आला गाड्यांचा. तिथूनच परतलो. घरी सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, छान. मग पुढच्या वर्षी त्याहून छान सांगावं लागलं." ते जमिनीकडे बघत होते. "मतदानात तरी पडेन असं वाटलं होतं."

"अहो, मग आजारी पडायचं होतं!" मास्तर कळवळून म्हणाले.

"पडून झालोय. पाठ, पोट, पेशंटची अक्कलदाढ. सगळं वापरून झालंय. चावी संध्याकाळी कुठेतरी सापडली असती, कुणाचं काही गेलं नसतं. पण यांनी शटर ओढलं! चावी खाली टाकावी, तर सापडणार आणि मला जावं लागणार. ठेवावी, तर..." त्यांनी मेहुण्याकडे नजर वळवली आणि अर्ध्यातच परत आणली.

"तर हा चोर ठरणार," मास्तरीणबाईंनी वाक्य पुरं केलं. "आणि ते तुम्ही चष्मा पुसत ऐकलंत." मग त्या मेहुण्याकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं. हूक पाहिलास तेव्हाच तुझ्या लक्षात आलं."

"त्याआधीच. चादर मीच मांडली होती."

"मग बोलला का नाहीस रे?" बेकरीवाल्याने विचारलं.

"ताईचं घर आहे," तो म्हणाला. "माझ्या राहण्यापायी तिला नवऱ्याची मान खाली गेलेली बघावी लागली असती."

वकीलबाई बराच वेळ खिशाच्या चेनशी झटत राहिल्या. "लाल गाडीतून," त्या कुणाकडेच न पाहता म्हणाल्या, "तू दोन फेऱ्या मार आज."

"चार," मेहुणा म्हणाला.

"तीन. आणि क्लच जपून."

डॉक्टरांनी खिशातून चावी काढून मेहुण्यापुढे धरली. "तूच काढ बाहेर. आज तूच ने. मी टॅक्सीने घरी जातो."

मेहुण्याने दोन्ही हात खिशात घातले.

"नाही भाऊजी. संध्याकाळी ताई आली की तिला सगळं तुम्ही सांगायचं. मी ट्रॅकवरून यायच्या आत."

"ती मला घराबाहेर काढेल रे!"

"मग कळेल तुम्हाला, कसं वाटतं ते. आणि गाडीही तुम्हीच काढायची."

वकीलबाईंनी कुलूप काढलं. शटर कुरकुरत वर गेलं आणि उन्हाचा एक पट्टा तळघरात आत आत सरकत आला. मास्तर त्यात जाऊन उभे राहिले आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

डॉक्टर गाडीत बसले. इंजिनाने केवढी तरी डरकाळी फोडली, आणि तेच दचकले. चढ अरुंद होता, दोन्हीकडे भिंती. गाडी वीतभर पुढे गेली आणि थांबली. पुन्हा वीतभर. मागून बेकरीवाला काहीतरी बोलणार होता. वकीलबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

मेहुणा थोडा वेळ तसाच बघत राहिला. मग खिशातून हात काढून पुढे गेला आणि पिवळीच्या टपावर तळवा ठेवून तिच्या बाजूने चालू लागला.

"डावीकडे जागा आहे, भाऊजी. घाबरू नका. येऊ द्या... हं, येऊ द्या..."