फुलसिंगच्या विहिरीवरचं इंजीन

एकसष्ट सालच्या वैशाखात फुलसिंगच्या तांड्यावरचं पेट्रोल इंजीन तापायला लागलं, तेव्हा महागावला वामन मिस्त्रीकडे निरोप गेला. सगळा तांडा त्या एका विहिरीचं पाणी प्यायचा, म्हणून वामन भर उन्हातच सायकल हाणत आला.

इंजीन विहिरीच्या काठावर, पत्र्याखाली होतं. चालू केल्यावर पाचच मिनिटांत धुराची नळी लालबुंद झाली.

"दोन मिस्त्री पाहून गेले," फुलसिंग म्हणाला. "कोणालेच समजून नाही राह्यलं."

वामनला त्यात अवघड काही वाटलं नाही. ठिणगी उशिरा पडत असेल, नाहीतर पेट्रोल कमी आणि हवा जास्त जात असेल. त्याने ठिणगीची वेळ जुळवली, कार्ब्युरेटरचा जेट फुंकून साफ केला, सायलेन्सरमधली काजळी खरवडली, व्हॉल्व्हची फट मोजली. सगळं चोख होतं.

नळी पुन्हा लाल झाली.

त्याने इंजिनाच्या डोक्याजवळ हात नेला. धग लागली नाही. भीतभीत बोट टेकवलं. लोखंड माठासारखं गार होतं. बोल्टांच्या खाचांत काळा गाळ सुकलेला दिसला.

"आधी हे कुठं ठेवलं होतं?"

फुलसिंगने मान खाली घातली. "विहिरीत. आतल्या कपारीवर. होळीच्या टायमाले धावजी गाळ काढाले उतरलता. लहाना भाऊ माहा. पाणी उपसाले मीच इंजीन चालू केलं. धूर आतच कोंडला, मिस्त्री... माह्या ध्यानातच नाही आलं. धावजी जिता वर नाही आला."

वामनने पेट्रोलचा कॉक बंद केला. इंजीन फटफट करत थांबलं.

नळी लालच राहिली.

मग त्याला आवाज ऐकू आला. बारीक, ओढल्यासारखा.

त्याने नळीच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर फडकं धरलं. ते आत वळलं. ढिलं पडलं. पुन्हा आत वळलं. बाहेर एकदाही उडालं नाही.

वामनने घाईघाईने हत्यारं गोळा केली. "हे चालवू नका. पाणी दोरानं काढा."

"काय झालं त्याले?"

वामन हत्यारं सायकलला बांधू लागला.

तेवढ्यात फुलसिंगची म्हातारी आई, भुरीबाई, हातात सूप घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलंही नाही. नळीसमोर उकिडवी बसली आणि सुपाने वारा घालू लागली.

"याडी रोजच येते," फुलसिंग हळूच म्हणाला.

सूप हललं की लाली उतरायची. हात थांबला की चढायची.

म्हातारी नळीच्या तोंडाशी वाकली.

"ले, बेटा. सावकाश ले."

नळी काळी पडत गेली. तान्ह्याला झोप लागल्यावर करतात तसा भुरीबाईने सुपाचा वेग हळूहळू कमी केला.