श्वास धरा

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी काचेच्या अलीकडे उभी राहून हे पाहिलंय.

रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. जानेवारीतला मंगळवार, भर दुपार. बेंगळुरूमधल्या जे. पी. नगरातलं एक स्कॅन सेंटर. नाव मुद्दाम लिहीत नाही.

जिना चढताना बाबांच्या छातीत दुखायचं. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आहे का, ते बघायला डॉक्टरांनी सीटी अँजिओ सांगितली. बाबा नागपूरचे, माझ्याकडे नुकतेच राहायला आलेले. कन्नडच्या नावानं आनंदीआनंद!

ठोके मंद करायची गोळी दिली. बाबा मशीनमध्ये सरकले.

आत मशीनच बोलतं. श्वास घ्या, धरा, सोडा... आधीच रेकॉर्ड केलेलं. छाती हलली की फोटो पुसट. टेक्निशियन चंदनानं सवयीनं कन्नड लावलं आणि बाबा आपले भात्यासारखे श्वास घेत राहिले. पहिला फोटो वाया.

"सॉरी मॅम, हिंदी लगाती हूँ."

तेवढ्यात...

बाबांची छाती थांबली.

"मैंने तो अभी बटन दबाया ही नहीं," चंदना पुटपुटली. तरी तिनं घाईघाईनं स्कॅन उरकला. फोटो स्वच्छ आले.

"हो गया, अंकल!"

बाबा हलेनात.

ओठ काळपट पडत चालले होते...

मी आत धावले. खांदे गदागदा हलवले. "बाबा, सोडा! श्वास सोडा!"

त्यांनी सोडला. मग वैतागून म्हणाले, "अगं, ती बाई सांगेल म्हणून थांबलो होतो. किती छान मराठी बोलते!"

चंदनाचा चेहरा उतरला. मशीनमध्ये मराठी नव्हतंच.

व्हीलचेअर ढकलणारा कल्लाप्पा बेळगावकडचा. लिफ्टपाशी त्यानं हळूच विचारलं, "अक्का, ती बाई 'सोडा' म्हटली काय?"

"नाही. कोण आहे ती?"

तो नुसता बाबांकडे बघत राहिला.

रिपोर्ट उत्तम आला. एकही ब्लॉकेज नाही. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

पण काल बाबा पोहे खाताना मध्येच थांबले. मान तिरकी, कान कुठंतरी लागलेले...

छाती हलत नव्हती.

"सोडा!" मी किंचाळले. तेव्हा कुठं श्वास सुटला.

मला फार भीती वाटते. सोमवारपासून मला महादेवपुऱ्याला ऑफिसात जायचंय, नवराही कामावर. बाबा दिवसभर घरी एकटेच असतील.