कोसंबडोहचा पाइप श्वास घेतो

जनगणनेला आलेल्या यंत्रमानवाने कोसंबडोहमध्ये तीन दिवस मोजणी केली. पहिल्या दोन दिवसांत त्याने एकशे एकेचाळीस माणसं मोजली आणि तिसऱ्या दिवशी एक पाइप.

चूक त्याची नव्हती. त्याच्या तक्त्यात ‘श्वास घेणारे रहिवासी’ असा रकाना होता, आणि पाइप श्वास घेत होता.

गावाबाहेर बांबूच्या बेटाशी, कमरेएवढा लोखंडी पाइप जमिनीतून वर आलेला होता. खाली शंभर मीटर खोल बोअर. पंप नाही, वीज नाही. पाइपाला जमिनीलगत बसवलेली तोटी सोडली की गोड पाणी आपसूक यायचं. बत्तीस घरं तेच पाणी पीत. वरून पाइपात डोकावलं की चार बोटांवर काळं, स्थिर पाणी दिसे आणि त्यात आपलाच चेहरा, जरा जास्तच गंभीर.

गेल्या आठ महिन्यांपासून मात्र ते पाणी भरदुपारी, वारा पडलेला असताना, कुणी हात न लावता वर चढायचं. आवाज नाही, बुडबुडा नाही. काठावरून जीभ काढावी तसं बाहेर यायचं, पाइपाच्या अंगावरून ओघळायचं आणि परत आत सरकायचं. मग आधीपेक्षाही खाली जायचं. जणू खाली कुणी घोट घेतला.

गुरं तिकडे फिरकेनात. बायका पाण्याला दोघी-दोघी जाऊ लागल्या, आणि दोघींपैकी एकही पाइपाकडे पाठ करीना. गावातले सगळ्यांत म्हातारे हनवतू आजोबा म्हणाले की खाली कुणीतरी झोपलंय आणि कूस बदलतंय. हे त्यांनी धीर द्यायला सांगितलं होतं.

इथवर ती अफवा होती. यंत्रमानवाने नोंद केली आणि ती सरकारी झाली. सरपंच बेबीताई झाडे भित्र्या नव्हत्या, पण गावात एक रहिवासी वाढला आणि तो कोण ते कुणालाच ठाऊक नाही, हे त्यांना झेपेना. ठरलं : पुढच्या मंगळवारी पाइपात सिमेंट ओतायचं आणि बत्तीस घरांनी तालुक्याच्या नव्या इमारतीत राहायला जायचं. दुसरं गोड पाणी जवळपास नव्हतंच.

सातवीतल्या रेवती कुळमेथेला पाइपाची भीती वाटत होती. पण तालुक्यातल्या चौथ्या मजल्याची त्याहून जास्त. ती यंत्रमानवाकडे भांडायलाच गेली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आपण फक्त मोजतो; कारणं शोधणं हे वेगळं खातं आहे.

“मग मोज,” रेवती म्हणाली.

सात दिवस दोघं पाइपाशी बसले. तो मिनिटं सांगायचा, ती वहीत लिहायची. पाणी चढताना दर वेळी तिच्या मानेवर काटा यायचा. तोही ती लिहून ठेवायची. पाणी दिवसातून चार वेळा चढत होतं. दोनदा चार बोटं, दोनदा दीडच बोट. गुरुवारी सगळं चाळीस मिनिटं उशिरा झालं. आणि रविवारी पाणी दिवसभर हललंच नाही.

रेवतीने वहीतल्या रविवारच्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. “भुताला रविवारची सुट्टी असते?”

“भुतांच्या सेवाशर्ती माझ्याकडे नाहीत,” यंत्रमानव म्हणाला.

मग रविवारी सुट्टी कुणाला? शाळेला, पोस्टाला... आणि बांबूच्या पलीकडे, दीडशे पावलांवरच्या उंच भिंतीमागे आठ महिन्यांपासून धावणाऱ्या मालगाडीला. ही गाडी चुंबकावर तरंगायची, चालकाशिवाय चालायची आणि मांजरासारखी मुकी होती. रानातल्या जनावरांना त्रास नको म्हणून भिंत बांधलेली, त्यामुळे ती दिसायचीही नाही. गाव तिला पार विसरलं होतं. यंत्रमानवाने वेळापत्रक काढलं. मिनिटाला मिनिट जुळलं. भरलेली गाडी, चार बोटं. रिकामी गाडी, दीड बोट. गुरुवारी गाडीला चाळीस मिनिटं उशीर झालेला.

मंगळवारी गवंडी सिमेंट कालवत असताना रेवतीने हे सगळ्यांसमोर मांडलं. बेबीताईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“काहून गं पोरी, ती गाडी तर तरंगते. तरंगणाऱ्याचं वजन जमिनीवर येतं का कधी?”

सगळ्या गावाने मान डोलावली. सगळे डोलावताहेत म्हणून यंत्रमानवानेही.

रेवतीने रेशन दुकानातला काटा मागवला. त्यावर पाण्याची बादली ठेवली आणि आकडा सगळ्यांना वाचायला लावला. मग दोन किलो बटाटे हलक्या पातेल्यात घालून ते पातेलं पाण्यावर तरंगत सोडलं. काटा दोन किलोंनी वर सरकला, आणि थोडा आणखी, पातेल्याचा.

“बटाटे काट्याला शिवलेसुद्धा नाहीत,” ती म्हणाली. “तरंगणारं वजन नाहीसं होत नाही, मावशी. ज्यावर तरंगतं त्याच्या खांद्यावर जातं.”

म्हणजे गाडीचं वजन चुंबकातून मार्गावर आणि मार्गावरून जमिनीत. पुढचं यंत्रमानवाने बोअरच्या जुन्या नोंदीवरून वाचून दाखवलं. वर साठ मीटर पंकाश्म (चिखल दाबला जाऊन झालेला खडक, यातून पाणी जवळजवळ जातच नाही). त्याखाली वालुकाश्म (वाळूचे कण चिकटून झालेला खडक, कणांमधल्या फटींत पाणी भरलेलं). त्याखाली पुन्हा पंकाश्म. असा दोन झाकणांत अडकलेला पाण्याचा खडक म्हणजे बंदिस्त जलधर.

रेवतीने ओला स्पंज पिशवीत घालून पिशवीच्या तोंडाला काचेची नळी घट्ट बांधली. वरून तळहाताने दाबलं तसं पाणी नळीत चढलं. गाडी म्हणजे तळहात, पाइप म्हणजे नळी. खडकही दाबला की इवलासा चेपतो. मात्र खडक या पिशवीपेक्षा फार लांबवर पसरलेला आहे, त्यामुळे दाबलेलं पाणी हळूहळू आजूबाजूला सरकतं. गाडी गेली की खडक पुन्हा फुगतो, आणि इथलं पाणी कमी झालेलं असल्याने पातळी आधीपेक्षा खाली जाते. तोच तो घोट.

“मग पंप नसताना पाणी वर येतं ते कसं?” गवंड्याने विचारलं. त्याचं सिमेंट घट्ट होत चाललं होतं.

चाळीस किलोमीटरवरच्या डोंगरात हाच वालुकाश्म उघडा पडलाय, यंत्रमानव म्हणाला. पाऊस तिथे आत शिरतो. डोंगर गावापेक्षा उंच, म्हणून मागचं पाणी पुढच्याला रेटतं. पण वाट फटीफटींची. वर्षाला जेमतेम चार मीटर सरकतं.

रेवतीने मनात भागाकार केला आणि तिच्या मानेवर पुन्हा काटा आला. “दहा हजार वर्षं. आपण पितो तो दहा हजार वर्षांपूर्वीचा पाऊस आहे.”

सगळ्यांनी पाइपाकडे वळून पाहिलं.

“म्हणजे खाली खरंच कुणीतरी आहे,” हनवतू आजोबा समाधानाने म्हणाले.

पण बेबीताईंना पुरावा हवा होता. रेवतीने तोटी बंद केली आणि सांगितलं : एक वाजून दहा मिनिटांनी भरलेली गाडी येईल. वेळापत्रकाप्रमाणे आज ती भिंतीमागे सहा मिनिटं थांबणार आहे. पाणी आधी चढेल. मग गाडी उभी असतानाच उतरायला लागेल. गाडी गेली की आणखी खाली जाईल. यातलं एक जरी चुकलं तर सिमेंट ओता.

एक वाजून दहा मिनिटांनी पाणी चढलं, नेहमीसारखंच, मुकाट. काठावरून ओसंडलं. गाव दोन पावलं मागे सरलं. भिंतीपलीकडे काहीच ऐकू येत नव्हतं. मग काळी पातळी पाइपात हळूहळू उतरू लागली. सहा मिनिटं झाली. ती एकदम आणखी खाली गेली.

बेबीताईंनी गवंड्याकडे पाहिलं. “त्या सिमेंटाचा पाइपाभोवती ओटा बांध, बापा,” त्या म्हणाल्या. “बसून बघायला बरं पडेल.” यंत्रमानवाने एक रहिवासी खोडला.

चार महिन्यांनी, मार्गाच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद असताना, बेबीताई पाणी भरायला आल्या आणि थबकल्या. पाणी वर-खाली होत होतं. वर, खाली, वर, खाली, झोपलेल्याच्या छातीसारखं. त्यांनी रेवतीला हाक मारली.

“आता कोण?”

रेवती वाकून बघत राहिली. “गाडी नाही. दूर कुठेतरी जमीन हलली असेल, तिच्या लाटेने इथला खडक चेपतोय-फुगतोय. वेळ लिहा, मावशी.”

कागद नव्हता, बेबीताईंनी तळहातावर लिहिली. संध्याकाळच्या बातम्यांत सांगितलं की चार हजार किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी भूकंप झाला. कुणाला इजा नाही. वेळ पडद्यावर आली. बेबीताईंनी तळहात पडद्याशेजारी धरला. भूकंपाची लाट जमिनीतून कोसंबडोहला पोचायला वीसेक मिनिटं लागली होती.

त्या वालुकाश्मावर आणखी बावीस गावं बसलेली आहेत. दुसऱ्या दिवशी बेबीताईंनी सगळ्यांना पत्र धाडलं : तुमचं-आमचं पाणी एकाच खडकातलं आहे, डोंगराकडच्या गावांनी जमिनीत काय ओतायचं ते विचार करून ओतावं, आणि प्रत्येकाने एक पाइप उघडा ठेवून त्याच्याशी कुणालातरी बसवावं. पत्राखाली रेवतीने एक ओळ जोडली.

‘पाणी हललं तर घाबरायला हरकत नाही. पण आधी घड्याळ बघा.’