अडीच माणसं

कोल्हापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात आकाराम कोठी सांभाळायचा. डाळ-तांदूळ मोजून स्वयंपाकघरात द्यायचे आणि वहीत लिहायचे, एवढंच काम. राजारामपुरीतल्या क्लासात तो हौसेनं प्रोग्रॅमिंग शिकला होता. त्यावर नोकरी लागली नाही, पण विद्या काही वाया गेली नाही. संपलेल्या शिध्यावरून किती माणसं जेवली ते सांगणारा प्रोग्रॅम त्यानं दवाखान्यासाठी लिहिला. मोठ्या माणसाचा एक वाटा, पाच ते बारा वर्षांच्या पोराचा अर्धा, पाचाखालच्याचा शून्य. पहिल्याच महिन्यात पंगतीत नसलेली अकरा माणसं निघाली आणि तेलाचे डबे पळवणारा आचारी सापडला.

मग गडी चेकाळलाच. हप्त्यानं जुना कॉम्प्युटर घेऊन त्यानं शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत मांडला आणि घरखर्चालाही तोच प्रोग्रॅम लावला. घरात तो आणि त्याची बायको स्नेहल, दोघंच. पोरांची ओळ इथं बिनकामाची होती, पण ती पुसायला त्याचा हात धजला नाही. महिनाअखेर आकडा यायचा, दोन.

दोन हजार तीनच्या ऑगस्टात आकडा आला सव्वादोन. सप्टेंबरात अडीच.

त्यानं प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासला. गिरणीतून आणलेलं पीठ पुन्हा तोलून पाहिलं. चूक कुठंच नव्हती.

"दुपारचं कोण येतंय का गं?" त्यानं एकदा विचारलं.

स्नेहल भाकरी थापत होती. "कोण येणार हाय? घरातली तेवढी."

"पीठ लवकर सरतंय."

"सरू दे की! खाल्ल्यावर सरणारच न्हवं?"

आणि ती हसली. सगळी पंचाईत तिथंच होती. पहिलं बाळ जन्मलं त्याच दिवशी गेलं, तेव्हापासून ती हसणंच विसरली होती. आता दोन महिने ती मन लावून रांधत होती, भांडी घासताना गुणगुणत होती. जास्त खोदून विचारलं तर बायको पुन्हा हातची जाईल, ही आकारामला भीती. न विचारावं तर डोळ्याला डोळा लागत नव्हता. कामाच्या वेळेत तो दोनदा अचानक घरी आला. दोन्ही वेळा ती उंबऱ्यात एकटीच तांदूळ निवडत बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

एका रविवारी त्यानं दिवस मोजले. ऑगस्टात सव्वादोन, म्हणजे अर्धा वाटा अर्ध्या महिन्यापासून सुरू झाला होता. सोळा तारखेपासून.

बाळ सोळा ऑगस्टचं. असतं तर त्या दिवशी पाच पुरी झाली असती.

त्यानं कॉम्प्युटर बंद केला.

दिवाळीला दोघं चार दिवस शिरोळला, तिच्या माहेरी निघाली. निघताना त्यानं पिठाच्या डब्यात आतून, पिठाच्या पातळीवर पेन्सिलीनं खूण केली. दाराला दोन कुलपं घातली. घरात कोण खातं, ते आता कळणार होतं.

दुपारच्या एसटीत तिघांचं बाक मिळालं. आकाराम कडेला अवघडून बसला होता.

"शिरोळ, दोन," तो कंडक्टरला म्हणाला.

कंडक्टरनं बाकावर नजर टाकली. "दोन फुल, एक हाफ."

"हाफ कुणाचं?"

"पावणं, पाचाच्या वरचं हाय की. तिकीट लागतंय."

आकारामनं वळून पाहिलं. बाकाच्या मधोमध स्नेहल बसली होती. तिच्या पलीकडं, खिडकीशी, वीतभर जागा रिकामी होती.

तिनं हात लांबवून खिडकीची काच ओढून घेतली.

आकारामनं हाफचे पैसे दिले.

चार दिवसांनी परत आल्यावर त्यानं आधी डबा उघडला. पीठ खुणेला लागूनच होतं. तिळभरही कमी नव्हतं.

घरात मागं कुणी राहिलंच नव्हतं.